गठुडीचा ‘स’

माझ्या आत्याचा आवाज आमच्या गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिलेला. ती बसस्थानकावर निवेदिका होती. फलाटांच्या वर काचेची एक खोली, समोर माईक, पाठीशी कुरकुरणारा पंखा आणि हाताशी झाकण ठेवलेला कोमट पाण्याचा पेला. तिथे बसून ती दिवसभर गाड्या यायच्या-जायच्या वेळा सांगायची. तिचं बोलणं म्हणजे धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेलं बोलणं. निवृत्त झाल्यावर एकदा ती भाजीवाल्याला नुसतं एवढंच म्हणाली, “जरा इकडे लक्ष द्या,” तर रांगेतल्या दोघातिघांनी खाली ठेवलेल्या पिशव्या उचलून खांद्याला अडकवल्या.

आतोबांनीही तिला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. ते तेव्हा बस चालवायचे. वेळ झाली तरी ते मुद्दाम गाडी हलवत नसत, कारण उशीर झाला की आत्या त्यांच्या गाडीचा नंबर पुन्हा एकदा पुकारायची. ही गोष्ट ते आजही लाजत लाजत सांगतात. आत्याला विचारलं तर ती म्हणते, “माणूस लग्नाच्या आधीपासूनच ढिम्म होता, त्यात प्रेम कुठून आलं?”

घरात तिचा आमच्या जिभांवर पहारा असायचा. ‘स’ आणि ‘श’ ही तर तिची लाडकी लेकरं. मी लहानपणी शाळेला ‘साळा’ म्हटलं की माझ्या तोंडाकडे येणारा घास वाटेतच थबकायचा. “काय म्हणालास? पुन्हा म्हण.” नीट म्हटलं की घास पुढे सरकायचा. मला ती ‘शेंबड्या’ म्हणायची. पुढे माझे केस पांढरे व्हायला लागले, एका स्टुडिओत कार्टून काढायची नोकरी लागली, तरी मी शेंबड्याच राहिलो, आणि तेही अगदी ठसठशीत ‘श’मधला.

तर अशा या आत्याचा दात पडला, आणि तोही पुढचा, वरचा, ऐन दर्शनी.

झालं असं, की आतोबांना एका बाटलीचं झाकण निघेना. ते बराच वेळ तोंड वाकडं करून झटत होते. आत्या म्हणाली, “आणा इकडे,” आणि तिने सरळ झाकण दातांत धरून पिळलं. झाकण निघालं. त्याच्यासोबत दातही निघाला. आतोबा घाबरून उभे राहिले. आत्याने शांतपणे दात उचलला, धुतला, खिडकीत ठेवला आणि म्हणाली, “एवढं काय झालंय? थगळं ठीक आहे.”

आणि मग स्वतःच्याच तोंडून काय बाहेर पडलं ते ऐकून मटकन खाली बसली.

दातांच्या डॉक्टरकडे जाऊन ये, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण चालकांना, वाहकांना आणि एकदा तर खुद्द स्थानकप्रमुखांना माईकवरून झापणाऱ्या या बाईची दातांच्या दवाखान्याच्या नुसत्या नावाने बोबडी वळायची. आता तर ती वळायचीही बाकी राहिली नव्हती.

तिने वेगळीच वाट काढली. ‘स’ आणि ‘श’ असलेले शब्दच तिने सोडून दिले. चहात साखर कमी पडली की म्हणायची, “अहो, गोड कमी आहे.” साबण संपला की, “अंघोळीची वडी विरघळली, नवी आणा.” सोमवारला ‘रविवारनंतरचा वार’ म्हणू लागली. घरी कुणी आलं तर ‘बसा’ म्हणायची चोरी. मग खुर्चीकडे हात करून, “या, या, टेका!” पाहुणे बावचळून भिंतीला टेकायचे. सगळ्यात पंचाईत घड्याळाची झाली. सहा, सात गेलेच, सव्वा आणि साडेही गेले. उरलं ते पावणे. त्यामुळे तिने बोलावलेली सगळी माणसं एक तर पंधरा मिनिटं आधी यायची, नाही तर अर्धा तास उशिरा. आणि जन्मभर जिने बस पुकारली, ती ‘बस’ म्हणू शकत नव्हती. ‘गाडी’ म्हणायची, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघायची.

मग हळूहळू ही कसरतही तिला जड झाली. तिने फोन उचलणं सोडलं. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. आतोबा मला एकदा जिन्यात गाठून म्हणाले, “घरात आवाजच नाही रे. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत बसतो.”

आता माझ्या स्टुडिओचं सांगतो. आम्ही त्या वेळी अगदी लहान मुलांसाठी एक कार्टून मालिका करायला घेतली होती. नाव ‘आपलं आपण’. त्यात पाळणाघरातली तीन चिमुरडी. लवंगी म्हणजे किरकोळ अंगाची आणि क्षणात भडकणारी. ठोकळा म्हणजे जागचा न हलणारा, पण विचारी. आणि गठुडी, पोट पुढे काढून चालणारी, डोक्यावर कारंज्यासारखी एकच शेंडी, सगळ्यात आधी पुढे होऊन सगळ्यात आधी फसणारी. प्रत्येक भागात तिघं रोजच्या जगण्यातलं एखादं काम शिकतात. बूट घालणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, खेळणं परत देणं, पडल्यावर उठणं. गठुडीचे हातपाय आणि तोंड काढायचं काम माझ्याकडे होतं.

चित्रं तयार होत होती, पण गठुडीला आवाज मिळत नव्हता. खरीखुरी तीन वर्षांची मुलगी आणून पाहिली. तिने माईकवरचा स्पंज चाटला, दोन्ही बूट काढून फेकले आणि टेबलाखाली जाऊन झोपली. मग आवाजाची कामं करणाऱ्या मुली आल्या. त्या इतकं लाडे लाडे बोलायच्या, की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. आमची दिग्दर्शिका ऐकून घ्यायची, ‘छान’ म्हणायची, आणि त्या गेल्या की कपाळ टेबलावर टेकवायची. ती आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा वयाने लहान होती, पण तिला सगळे ‘ताई’च म्हणायचे.

एक दिवस मी डबा घरी विसरलो. आमच्याच रस्त्यावर राहणारी आत्या तो घेऊन स्टुडिओत आली. मुकाट्याने माझ्या टेबलावर डबा ठेवला, मान हलवली आणि निघाली. बाहेरच्या पॅसेजमध्ये पाण्याच्या यंत्राचा नळ गळून मोठं थारोळं झालं होतं. समोरून ताई कागदात डोकं खुपसून तरातरा येत होती.

“अगं, थावकाथ!” आत्या ओरडली. “थगळं पाणी थांडलंय! पाय घथरेल! पडथील!”

ताई एका पायावर थांबली. पाण्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती आत्याकडे बघत होती.

“पुन्हा म्हणा,” ती म्हणाली.

आत्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. जन्मभर ती ज्यांना ‘पुन्हा म्हण’ म्हणत आली, त्यांच्यातला मी दारात उभा होतो. पण तेव्हा हसायची माझी छाती नव्हती.

ताईने तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि एकेक शब्द पारखून घेत उत्तर दिलं, “मी निवेदिका होते. निवेदिका. आता या वयात बोबडं बोलून दाखवू? नाही जमणार.”

एकही ‘स’ नव्हता. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

ताई म्हणाली, “आत्या, तुम्हाला बोबडं बोलायचं नाहीच आहे. तुम्ही नीटच बोला. गठुडीला तरी कुठे माहितीये ती बोबडं बोलते ते? तिच्या मते ती अगदी स्पष्ट बोलतेय, आणि बाकीच्यांनाच कळत नाहीये. आलेल्या सगळ्या मुली बोबडं बोलायला जातात, तिथेच फसतात.”

आत्या उठून घरी गेली. रात्रीच्या जेवणाला मी तिथेच होतो. आतोबा पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, “कुठेही बोल, काहीही बोल, पण बोल बाई.” इतकं लांबलचक वाक्य ते सहसा बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी स्टुडिओच्या दारात उभी होती.

पहिल्याच भागात गठुडीच्या हातून दूध सांडतं आणि ती त्यावर उशी ठेवून वर बसते. रेकॉर्डिंगच्या खोलीला सगळीकडून गाद्या लावल्यासारखे जाड स्पंज. आत्याने चपला बाहेर काढल्या, हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, कारण त्याची टिकटिकही माईक पकडतो. कानांवर हेडफोन चढवले आणि काचेपलीकडच्या पडद्यावर माझी कच्ची चित्रं हलू लागली. लवंगी विचारते, “दूध कुणी सांडलं?” आत्याने पुढ्यातल्या कागदावर पाहिलं आणि ठामपणे म्हणाली, “मी नाही थांडलं.” कागदावर तेवढंच होतं. पण तिने एक श्वास घेतला आणि पुढे म्हणाली, “ते आपलं आपण थांडलं.”

रेकॉर्डिंग करणारा पोट धरून खुर्चीतून घसरला. ताईने काचेला नाक लावलं. आत्या मात्र गंभीर. तिला कुणी का हसतंय तेच कळत नव्हतं, आणि तिथेच गठुडी जन्माला आली.

मालिका चालली. चांगलीच चालली. पण माझ्या लेखी मोठी गोष्ट घडली ती आत्याच्या घरी. जीभ मोकळी सुटली. ‘स’ चुकवायची कसरत बंद झाली. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी, जिन्यातल्या बायकांशी ती दणकून बोलायला लागली. मी शेंबड्याचा थेंबड्या झालो, आणि खरं सांगायचं तर मला ते बढती मिळाल्यासारखं वाटलं. बागेतून जाताना ती कुणाला नुसतं “थोडं थरका” म्हणाली, तरी घसरगुंडीवरची दोन-चार पोरं मान वळवून झाडामागे गठुडीला शोधायची. आत्याला भारी मजा वाटायची. ती मुद्दाम दोनदा म्हणायची.

ही मजा फार टिकली नाही. वरच्या मजल्यावरची शेजारीण एक दिवस तिच्या लेकीला कडेवर घेऊन आली. मुलगी तीन वर्षांची, बडबडी, गालांवर खळ्या.

“हिला विचारा, आपण हात कशाने धुतो,” शेजारीण म्हणाली.

“थाबण!” मुलगी आनंदाने म्हणाली.

“ही आधी ‘साबण’ म्हणायची हो! स्वच्छ म्हणायची. आता थाबण, थाखर, थकाळ. नीट म्हण म्हटलं की मलाच शिकवते, गठुडी अथंच म्हणते!”

शेजारणीला हसू येत होतं. ती भांडायला आलीच नव्हती. पण आत्याला ते लागलं. जिने उभा जन्म लोकांचे ‘स’ सरळ केले, तिच्यामुळे दारोदारची पोरं आता ‘थ’ म्हणत होती. तिने ताईला गाठलं. “पोरं माझ्यामुळे बिघडताहेत.” ताई म्हणाली, “आत्या, पोरं आज शिकतात, उद्या विसरतात. गठुडीचा ‘थ’च तर सगळ्यांना आवडतो.” विषय तिथे मिटला, पण आत्याच्या मनात तो काही मिटला नाही.

तेवढ्यात पुढचा भाग आला, ‘दातांचे डॉक्टर’.

गोष्ट साधी होती. गठुडी दात दाखवायला जाते, घाबरते, तोंड उघडते आणि बाहेर येऊन म्हणते, “बघ ना, काहीच झालं नाही! मज्जा आली!” आत्याने घाबरण्याची वाक्यं अशी म्हटली, की मला तिथे बसल्या बसल्या घाम फुटला. पण शेवटचं वाक्य काही केल्या जमेना. पुन्हा, पुन्हा, आणखी एकदा. शेवटी ताई म्हणाली, “आत्या, पटत नाहीये.”

“मलाच पटत नाहीये, तर तुला कुठून पटेल? कोण म्हणतं काही होत नाही? पोरांना खोटं थांगायचं होय?”

“तुम्ही कधी गेलाय का दातांच्या डॉक्टरकडे?”

आत्याने हेडफोन काढले, घड्याळ मागून घेतलं आणि चपला घालून चालू लागली. तो भाग बाजूला ठेवावा लागला.

पण दात काही कुणाच्या सोयीने वागत नाहीत. पडलेल्या दाताच्या शेजारचा दात त्याच झाकणाच्या झटापटीत दुखावला होता. तो आता ठणकायला लागला. गाल सुजला. गठुडीचा आवाज गाद्यांच्या ढिगाखालून यावा तसा यायला लागला. एके सकाळी आतोबा दारात बूट घालून उभे राहिले आणि म्हणाले, “चल.” एवढंच. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मीही बूट घालूनच उभा होतो.

दवाखान्यात बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती, कोपऱ्यात टीव्ही, आणि त्यावर बारीक आवाजात आमचीच मालिका चालू. आत्याने एकदा पडद्यावरच्या गठुडीकडे, एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि माझी बाही ओढली.

“थेंबड्या, चल, घरी जाऊ. बघ, दुखायचं थांबलंय थगळं.”

शेजारच्या खुर्चीवर पिवळे गमबूट घातलेला एक छोटा मुलगा वडिलांची वाट बघत बसला होता. वडील आत डॉक्टरांशी बोलत होते. त्याने मान वळवली. टीव्हीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे.

“तू गठुडी आहेस?”

आत्या खोटं बोलली नाही. “हो.”

“मग एवढी मोठी कधी झालीस?”

“इथे थांबून थांबून.”

त्याला ते पटलं. तोही बराच वेळ थांबला असणार. जरा विचार करून त्याने विचारलं, “तुला भीती वाटते?”

“खूप वाटते.”

“मला पण वाटली. मग खुर्ची वर गेली. मग खाली आली. मग परत वर गेली.”

“मग?”

“मग बाबा म्हणाले, बास झालं, आता त्यांना दात बघू दे.”

“आणि दुखलं का रे?”

मुलाने आठवून पाहिलं. “थोडंसं दुखलं. मग संपलं.”

इतके दिवस आम्ही सगळे तिला ‘काही होत नाही, काही होत नाही’ म्हणत होतो आणि तिचा आमच्यावर काडीचा विश्वास नव्हता. या पठ्ठ्याने खरं काय ते सांगितलं. तिने त्याच्या गमबुटांवर दोन बोटांनी टकटक केलं आणि आतून नाव पुकारल्यावर उठून सरळ चालती झाली.

बऱ्याच वेळाने बाहेर आली ती तोंडात कापूस धरून. डॉक्टर दारापर्यंत पोचवायला आले होते, शांत, मऊ बोलणारे गृहस्थ. हसत म्हणाले, “दात काढला. पण त्याआधी यांनी मला खुर्ची दोनदा वर-खाली करायला लावली.”

दुसऱ्याच आठवड्यात त्या बाजूला ठेवलेल्या भागाचं रेकॉर्डिंग झालं. शेवटचं वाक्य आत्याने ताईला विचारून बदललं. गठुडी बाहेर येते, ठोकळा डोळे मोठे करून विचारतो, “काय झालं?” आणि ती म्हणते, “थोडंथं दुखलं. मग थंपलं.” एकाच दमात झालं. ताईने दुसऱ्यांदा मागितलंच नाही.

हिरडी भरल्यावर डॉक्टरांनी आत्याला काढता-घालता येणारे दोन दात बसवून दिले. त्या दिवशी ती घरभर फिरत होती आणि वस्तूंना नावानिशी हाक मारत होती. “साबण. साखर. शिडी. सतरंजी. सहा, सव्वासहा, साडेसहा!” आतोबा पेपरच्या आडून म्हणाले, “सुटलो.”

गठुडीचं काम अडायचं कारण नव्हतं. रेकॉर्डिंगच्या वेळी दात काढून डबीत ठेवले की झालं. ताई खूश. पण आत्या दात काढून ठेवायची आणि डबीकडे बघत बसायची. एक दिवस दात परत लावून तिने विषय काढलाच.

“ताई, आपण गठुडीला बूट घालायला शिकवलं. हात धुवायला शिकवलं. सॉरी म्हणायला, वाटून खायला, अंधारात झोपायला शिकवलं. मग एक ‘स’ शिकवायला काय धाड भरली?”

“आत्या, तिचं तेच तर गोड आहे.”

“आपल्याला गोड वाटतं म्हणून पोरीला कायमची अडकवून ठेवायची?”

ताई पेनाचं टोक चावत राहिली. मग म्हणाली, “बरं. पण शिकेल कशी? ‘स’ म्हण असं सांगून कुणी शिकत नसतं.”

“सोपं आहे. जीभ दातांच्या मागे घ्यायची—”

“तीन वर्षांच्या पोरीला जीभ कुठे असते ते माहीत नसतं आत्या. तिला फक्त चिडवायच्या वेळी सापडते.”

हे मात्र खरं होतं. आत्यालाही मान्य करावं लागलं. दोघी अडून बसल्या. एका रविवारी ताई आत्याच्या घरी चहाला आली, तीही हाच गुंता सोडवायला. मीही होतो. दारापुढच्या ओट्यावर आतोबा आपली जुनी सायकल उलटी करून बसले होते. बस सुटल्यापासून सायकल हेच त्यांचं वाहन. वरची बडबडी चिमुरडी त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर हात ठेवून उकिडवी. आतोबांनी हवा भरली, व्हॉल्व्हला जरा बोट लावलं आणि हवा सुटली, स्स्स्स.

“चाक बोलतंय,” मुलगी म्हणाली.

“हं,” आतोबा म्हणाले. “काय म्हणतंय?”

मुलीने चाकाजवळ कान नेला, दात जुळवले आणि म्हणाली, “स्स्स्स.”

लख्ख, स्वच्छ ‘स’. आत्याच्या हातातला कप हवेतच राहिला. ताई खुर्चीवरून अर्धी उठली होती. आतोबांना यातलं काहीच कळलं नाही. ते म्हणाले, “मागचं चाक आहे. बहुतेक पंक्चर.”

‘गठुडीची सायकल’ हा भाग असा झाला. गठुडीला तिचाकी सायकल मिळते. ती दिवसभर “माझी थायकल, माझी थायकल” करत फिरते. चाकातली हवा जाते. ठोकळा म्हणतो, चाक काहीतरी बोलतंय. गठुडी कान लावते, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलू लागते आणि बोलता बोलता तिला शब्द सापडतो.

माझी मात्र पुरती दमछाक झाली. तोपर्यंत गठुडीच्या तोंडाची चित्रं ‘थ’ची होती, दातांमधून डोकावणारं जिभेचं टोक. आता ‘स’चं तोंड नव्याने काढायचं होतं. आत्या माझ्या टेबलापुढे खुर्ची ओढून बसली आणि ‘स’ म्हणत राहिली. “तोंडाकडे बघ, शेंबड्या. दात जुळलेत, ओठ ताणलेत, हसल्यासारखे. कागदाकडे नंतर बघ!” मी काढत होतो, खोडत होतो, आणि ती थकत नव्हती.

रेकॉर्डिंगला सगळा स्टुडिओ काचेशी गोळा झाला. पहिली वाक्यं दातांविना. मग चाकाची हवा सुटते तिथे आत्या पाठ फिरवून उभी राहिली, डबीतून दात काढून बसवले आणि पुन्हा माईककडे वळली. मला वाटलं होतं, आता ती बसस्थानकावरचा तो खणखणीत ‘स’ काढेल. तिने तसं केलं नाही. आधी नुसती हवा सोडली, चाकासारखी. मग थांबली. मग जरा घाबरत, चिखलात पाय टाकून बघावा तसं म्हणाली, “स्स... स्सा... सायकल.” आणि लगेच, विश्वास बसत नसल्यासारखं, आणखी एकदा, “सायकल!”

ताईने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिली. रेकॉर्डिंग करणाऱ्याने अंगठा वर केला. आत्या म्हणाली, “एवढं काय? पोरगी शिकली. शिकणारच होती.” पण बाहेर येताना तिने चपला उलट्या पायांत घातल्या, हे मी पाहिलं.

भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या दारावर थाप पडली. वरची चिमुरडी एकटीच उभी होती, छाती पुढे काढून. “सायकल!” म्हणाली. आत्याने तिला उचलून घेतलं आणि विचारलं, “आणि हात कशाने धुतो?”

“थाबण!”

मागोमाग जिना उतरून आलेल्या शेजारणीने हात जोडले. आत्या म्हणाली, “एकेक येईल. घाई नाही.”

तसंच चाललंय आता. गठुडीला तीन-चार भागांत मिळून एखादा शब्द येतो, बाकीचे अजून ‘थ’चे आहेत. आत्याची डबी सध्या स्टुडिओतच असते, तिच्यासाठी ठेवलेल्या खणात. पाळणाघरातल्या बाईंचा आवाजही आता तीच देते, दात लावून. त्यामुळे काही प्रसंगांत ती स्वतःलाच रागावते आणि दात काढून स्वतःच रुसते.

पुढचा शब्द कोणता, यावर मात्र गेल्या आठवड्यापासून तिची आणि ताईची जुंपली आहे. ताईला ‘सॉरी’ हवा आहे. आत्या म्हणते, खरं मूल आधी ‘सरक’ म्हणेल, ‘सॉरी’ फार पुढची गोष्ट. दोघींनी मला मध्ये ओढायचा प्रयत्न केला. मी पेन्सिलीला टोक करत राहिलो. शेवटी ताईने हार मानली. नव्या भागात गठुडी लवंगीला अगदी खणखणीत “सरक!” म्हणते, लवंगी सरकता सरकता बाकावरून खाली पडते, आणि गठुडी तिला उठवत म्हणते, “थॉरी.”

रेकॉर्डिंग गुरुवारी आहे. लवंगीचं पडणं अजून मला नीट जमलेलं नाही. आत्या म्हणाली आहे, जेवण झाल्यावर येऊन ती पडून दाखवेल.